जांभळीचा शेवटचा रोल

१४ नोव्हेंबर

डॉक्टर खरं बोलला. मला तो आवडला नाही, पण बोलला खरं. ह्यांचा डावा डोळा गेलेलाच होता, आता उजव्यातही काचबिंदू. उरलंय ते नळीतून बघितल्यासारखं, आणि तेही फार दिवस नाही. "गेलेली नजर परत येत नाही" — किती सहज म्हणाला! हे मान हलवत ऐकत होते. जणू दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट.

बेळगावहून येताना बसमध्ये खानापूर मागं पडल्यावर मग म्हणाले, "फ्रीजमधला रोल हाय न्हवं अजून?"

म्हटलं, हाय की. कोथिंबिरीच्या मागं.

सगळं आयुष्य फोटोवर काढलं ह्या माणसानं. देवाला दुसरं कुणी दिसलं नाही!

१७ नोव्हेंबर

तो रोल इन्फ्रारेडचा. ह्यांचं हे खूळ लग्नाआधीपासूनचं. लग्नं, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट फोटो — ते पोटासाठी. हे जिवासाठी. डोळ्याला न दिसणारा उजेड फोटोत धरायचा! त्यासाठी खास फिल्म, आणि लेन्सवर एक काळी काच. एवढी काळी की ती लावल्यावर कॅमेऱ्यातून झाडसुद्धा दिसत नाही. म्हणून आधी बघून घ्यायचं, स्टँड घट्ट करायचा, मग काच चढवायची आणि न बघता फोटो काढायचा. धुऊन आला की हिरवी पानं पिंजलेल्या कापसासारखी पांढरी, आभाळ काळं, आमची काळी नदी तर नावासारखी शाईच. आमच्या रामनगरात कुणाला दाखवला की विचारायचे, "परशुराम, धुताना बिघडला काय रं?" मग हे दिवसभर खूश.

नवी नवरी असताना माझाही काढला होता. चेहरा मेणाचा, ओठ गायब, डोळ्यांच्या जागी काळी भोकं! सासूबाई ओरडल्याच — "हडळ!" मी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून ह्यांचा नियम — माणसावर काळी काच लावायची नाही. अजून मोडलेला नाही.

२९ नोव्हेंबर

आज खूप हसलो. किती दिवसांनी!

आमच्याकडं एक जुना डिजिटल कॅमेराही आहे, ह्यांनी बेंगळुरूला पाठवून आतली, इन्फ्रारेड अडवणारी काच काढून घेतलेला. त्यात इन्फ्रारेड लगेच पडद्यावर दिसतं, धुणं नाही, वाट बघणं नाही. हे त्याला "आयतं जेवण" म्हणतात, पण मला आवडतो. तो घेऊन मागच्या परड्यात गेलो. मी बघायचं, मी काढायचं, ह्यांनी विचारायचं. "केळीची पानं?" पांढरी. "विहिरीतलं पाणी?" काळं. "कावळा?" उडाला!

तेवढ्यात लाडू आला. कुंभारवाडा गावचा लाडू — पूर्वी लग्नात ह्यांच्यासाठी लाईट धरायचा, आता स्वतःची जीप चालवतो. त्याला उभा केला, पण फोटो कमरेखालचाच, नियमाला धक्का नको. काळी पँट पांढरीफेक आली!

"आक्का, ह्यो कॅमेरा हाय का साबण?"

हे एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. पाणी यायला डोळे चालतात, आणि बघायला नाही.

आमच्या फोटोच्या दुकानाच्या दारावरची प्लास्टिकची वेलही काढून बघितली. दिसायला अगदी खरी, पण फोटोत काळपट पडली. शेजारचा मोगरा मात्र पांढरा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ह्याच्यापुढं खोटी पानं टिकत न्हाईत."

१२ डिसेंबर

चहाचा कप शोधताना ह्यांचा हात आमटीच्या वाटीत गेला. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्यांनीही.

६ जानेवारी

स्टुडिओतला आरसा काल पुसायला काढून टेबलावर ठेवला होता. आज सकाळी हे नेहमीच्या जागी उभे राहिले, खिशातला कंगवा काढला, मान तिरकी करून नीट भांग पाडला. समोर भिंत होती. नुसता खिळा.

मी दारात उभी. "झाला काय नीट?" म्हणाले. व्हय म्हटलं. मग आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

१९ जानेवारी

आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तेही कधी कधी.

मी म्हटलं, तो रोल कुणालातरी देऊन टाकू या का? चूक झाली बोलून. पण रागावले नाहीत. उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, इन्फ्रारेड कुणाला दिसतंय? तुला दिसतंय? त्या डॉक्टरला दिसतंय? तिथं आपण समदे सारखेच आंधळे. मी काय तुमच्यापेक्षा कमी न्हाई."

मग रोल मागितला. अंधाऱ्या खोलीत जाऊन कॅमेऱ्यात घालून आले, मला आत येऊ दिलं नाही. बोटं काही विसरलेली नाहीत. बाहेर आले तेव्हा चेहरा जुना होता, पंचविशीतला.

जांभळीच्या झाडाकडं जायचं ठरलं. कुंभारवाड्याच्या अलीकडं, भाताच्या खाचरांच्या बांधावर आहे ती. ह्यांचा पहिला इन्फ्रारेड तिचाच.

२ फेब्रुवारी

जाऊन आलो. उळवीची जत्रा जवळ आलीय, रस्त्यावर बैलगाड्यांची रांग. लाडू गाड्यांच्या मागं हळूहळू चालवत होता आणि हे घुंगरांचा आवाज ऐकत होते. "शिंगं रंगवलीत काय गं?" रंगवलीत. "कसला रंग?" लाल. "त्यो काय पांढराच येणार!"

जांभूळ आहे तशीच. खाचरं कापून मोकळी, ऊन लख्ख. मी ह्यांचा हात धरून बांधावर नेलं. स्टँड त्यांनीच लावला. मी बोलायची — झाड डावीकडं, थोडं वर, मागं डोंगर, एक ढग — आणि ते बोटांनी कॅमेरा फिरवायचे. मग काच. तिच्यातून उजेड हळू शिरतो, म्हणून बटण दाबून मोठ्यानं मोजायचे, "एक... दोन..." आणि सोडायचे. असं प्रत्येक फोटोला. लाडू लांबून बघत होता. म्हणाला, "दाजी, तुमी पुजा करताय वाटतं." मलाही तसंच वाटलं.

शेवटी म्हणाले, "एकच ऱ्हायलाय. जा, झाडाखाली उभी ऱ्हा. उंची कळंल झाडाची."

"मी? हडळ दिसेन!"

"जा गं तू. आनि बोलत ऱ्हा, मला कळू दे कुठं हाईस ते."

गेले. काय बोलणार? लाडूच्या बायकोनं, गिरजानं, कणगं — रताळ्यासारखे कंद — दिली होती, ती उकडू की भाजू, त्यावर बडबडत राहिले. मोजणं ऐकू आलं नाही. नुसतं चट् झालं. विसरले असतील, दमले होते बिचारे.

घरी येऊन ह्यांनी अंधारातच रोल काढून डबीत ठेवला. स्वारी खुशीत. कणगं भाजली. दोनदा मागून घेतली!

५ फेब्रुवारी

न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर. एवढंच बाकी होतं.

९ फेब्रुवारी

लिहवत नाही. पण लिहिते, कुणाला सांगू?

ह्यांना धीर निघेना. म्हणाले, तूच धू, मी सांगतो. आमच्याकडं कायमची वाटणी — फिल्म धुणं त्यांचं, कागदावर फोटो उतरवणं माझं. फिल्मला किट्ट काळोख लागतो. कागदाला लाल दिवा चालतो. सगळा जन्म मी त्या खोलीत लाल दिव्यातच उभी राहिले. खोली एवढीशी, दोघं मावत नाहीत, म्हणून हे दाराबाहेर खुर्चीवर.

"चरकीत सरकव. सावकाश." धुवायच्या डब्यातल्या त्या चक्रात सरकेना. फिल्म घामेजली, अडकली, मला वाटलं मोडली. बाहेरून आवाज, "झालं काय?" आणि माझा हात आपसूक बटणाकडं गेला. लाल दिवा लागला.

किती सुंदर दिसत होतं सगळं! फिल्म कशी अडकलीय तेही दिसलं. आणि मग कळलं मी काय केलं.

साधी फिल्मही वाचली नसती, मग ही तर लाल उजेडासाठी जीव टाकणारी. तरी धुतली. फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढली. टोकापासून टोकापर्यंत काळीकुट्ट. जांभूळ नाही, डोंगर नाही, काही नाही.

बाहेर आले. हे उठून उभे राहिले होते. "आलं?"

मी म्हटलं, "आलं की!"

१० फेब्रुवारी

निगेटिव्ह वाचायला मला ह्यांनीच शिकवलं, त्यामुळं शंका घ्यायला जागा नव्हती. खिडकीत बसले, काळी पट्टी हातात धरली आणि एकेक फोटो सांगितला. पानं पांढरी आलीत? व्हय, दुधासारखी. आभाळ? काळं. ढग? उठून दिसतोय. डोंगर धुक्यातून वर आल्यागत. आपण एवढं खोटं बोलू शकतो, माहीत नव्हतं! ह्यांचे ओठ हलत होते, प्रत्येक फोटो जणू जिभेवर घोळवत होते.

"आनि शेवटचा?"

"त्यात तर गंमतच. समदी जांभूळ पांढरीशुभ्र आनि खाली तुमची हडळ! डोळ्यांची भोकं नुसती!"

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. मग म्हणाले, "बरं. पुन्हा पहिल्यापासनं सांग."

१८ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी सांगायला लावतात. आता ते फोटो मला खरंच दिसायला लागलेत. रोज ठरवते, आज खरं सांगायचं. रोज ह्यांचा चेहरा बघते आणि पानं पांढरी करते.

२ मार्च

थंडी गेली. जांभळीला गेले तेव्हा घातलेला ह्यांचा स्वेटर धुवायला काढला. खिशात रुमाल, आणि रुमालात नीट गुंडाळलेली काळी काच.

शेवटच्या फोटोला ती लावलीच नव्हती. म्हणून मोजणं नव्हतं. माझा होता तो फोटो, नियमानं काढलेला. आणि मी काय काय सांगत बसले! पहिल्या दिवसापासून ह्यांना माझं खोटं माहीत आहे.

संध्याकाळी नेहमीसारखं म्हणाले, "सांग की." सांगितले सगळे. शेवटचा आला तेव्हा म्हटलं, "ह्यात पानं साधीच आलीत. आनि मी आहे तशी — केस पिकलेले, कुंकू जरा फाकलेलं, तोंड उघडं. कणग्यांचं बोलतेय."

हे प्लास्टरचा हात चाचपडत माझ्या तोंडावर घेऊन आले. म्हणाले, "आत्ता बरोबर आला."