हिच्या पाठीतली वीज

४ मार्च
बायकोच्या पाठीत वीज बसवली! कण्याला चिकटून तारांची पट्टी, कातडीखाली काड्यापेटीएवढी डबी. जिन्यावरून पडल्यापासून दोन वर्षं हिचे पाय हिचं ऐकत नाहीत. (माझं तर त्याआधीपासूनच या घरात कुणी ऐकत नाही.)
संस्कृतात विजेचं एक नाव चंचला. इथे मात्र टिकून राहा, बाई!

११ मार्च
प्रवाह सोडला — उजवा पाय उडाला! मी खुर्चीतून ताडकन उठलो. ही मात्र पायाकडे शेजाऱ्याचं पोर बघावं तशी बघत होती.
"हा डबीनं हलवला. मी नाही."
डॉक्टर म्हणाले, "डबी फक्त वाट मोकळी करते. चालायचं तुम्हीच."
"नाही जमलं तर काढून टाका. मला कळसूत्री बाहुली व्हायचं नाही."
काढून टाका!

१९ मार्च
फजिती. आजची परीक्षा अशी — प्रवाह इतका मंद, की नुसत्या त्यानं पाय हलूच नये. हिनं डोळे मिटून अंगठा हलवायचा. आणि हलला की नाही, तेही हिनंच सांगायचं. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. आणि अंगठा — जरासा —
"हलला!" मी ओरडलो.
परीक्षा बाद. डबीचं गणित बघणारी इंजिनिअर पोरगी म्हणाली, "काका, बाहेर."
ही म्हणाली, "जन्मभर माझी उत्तरं हेच देतात गं. अंगठ्यालासुद्धा सोडलं नाही!"
वार्ताहराची जात. बातमी पोटात राहत नाही.

२० मार्च
मला आत बंदी. दाराच्या काचेला नाक लावून उभा.
अंगठा हलला. मिटल्या डोळ्यांनीच हिचे ओठ उघडले. ऐकू आलं नाही, पण दिसलं — "मी!"
एवढी वर्षं शब्दांवर पोट भरलं. हे एक अक्षर बघून अंगावर काटा आला. जो प्रवाह पाय हलवू शकत नाही, त्याच्या आधारानं माणसाची इच्छा कण्यातून खाली उतरते! वाचस्पतीचीही बोबडी वळावी.

२ जून
वॉकर धरून उभी राहिली. मी गप्प होतो. (नोंद व्हावी.)

१७ जुलै
हिला न विचारता हिच्यावर लेख लिहून छापायला धाडला, ते आज सांगितलं. कडाक्याचं भांडण. मी समजावतोय, समजावतोय — आणि ही उठली, वॉकर पुढे रेटला, पाऊल, पाऊल, मला अर्ध्या वाक्यात सोडून आतल्या खोलीत निघून गेली!
दार आपटलं. आतून कडीसुद्धा घातली.