मनातली किंमत, तोंडातली किंमत

प्रिय मुनव्वरच्या बाबांना,

ठेकेदार तिकडच्या कामासाठी अजून तीन वर्षांची सही मागतोय, करू का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. पत्रात सांगते म्हणाले, कारण फोनवर बोलताना सासूबाईंपासून सगळे कान टवकारून बसतात. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. काल गिऱ्हाइकाने लाल रुमाल निवडला आणि मी निळा बांधून दिला. चहा ओतते नि प्यायचा विसरते.

त्यात तुमच्या लेकीचं, मुनव्वरचं बीजगणित. दुकानदाराने वीस टक्के सूट देऊन रुमाल चारशे ऐंशी सोमला विकला, तर मूळ किंमत किती? हिने लिहिलं, चारशे ऐंशी. बाईंनी लाल फुली मारली. मी गाळ्यावरच समजवायला बसले, की मूळ किंमत क्ष धर, शंभरातले वीस गेले, उरले ऐंशी. ऐंशी टक्के म्हणजे चारशे ऐंशी, तर पुरता क्ष सहाशे. तर म्हणते कशी, "आई, तू रोज काय करतेस? मनात चारशे ऐंशी, तोंडाने सहाशे! मग मूळ कुठली गं, मनातली की तोंडातली?" शेजारच्या हलीमा आपांना हसताना ठसकाच लागला. म्हणाल्या, "ओयदीन, पोरगी आपल्या ओशच्या बाजाराची शोभते हो! पण परीक्षेत सहाशेच लिही बये, नाहीतर जन्मभर माझ्या शेजारी रुमाल विकत बसशील." तिने तोंड वाकडं करून सहाशे लिहिलं.

मला मात्र हसू येईना. आपण दोघंही याच बाजारातले. गेल्या नवरोजला मी दोन महिने या म्हटलं तेव्हा मनात एकच महिना होता, आणि तुम्ही घासाघीस करून दहा दिवसांवर आणलंत. मी वाढवून सांगायचं, तुम्ही पाडून ऐकायचं. याही वेळी तसंच योजलं होतं. ताबडतोब निघून या असं लिहायचं, म्हणजे तुम्ही तिनाचं एक वर्ष तरी कराल. लिहायला घेतलं आणि ती ओळ खोडून टाकली. ते एक वर्षही मला नको आहे.

आता सकाळ आहे. बाजारात ताडपत्र्या निघताहेत, सामसे भाजायची भट्टी पेटली आहे, माझा गाळा अजून उघडलेला नाही. आपांचा जावई आज बसने तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे देते. म्हणजे आजची भवानी तुमच्याच हातची. भवानीच्या गिऱ्हाइकाला आपण वाढवून सांगत नाही आणि तोही घासाघीस करत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं! सही करू नका. घरी या, कायमचे. हेच मनात आहे आणि हेच तोंडात.

तुमचीच, वाट बघणारी
ओयदीन