पेल्याला फुटलेली दाढी

१० मार्च, मंगळवार

चुंबकीय क्षेत्र! या वयात!

सकाळीच मिनलचा फोन. आमच्या पेपरात मुलांच्या पुरवणीचं पान तीच बघते. "काका, विज्ञानाचं लिहिणारे सर पेपर तपासण्यात अडकलेत. चुंबकावर काहीतरी द्या ना. शुक्रवार दुपारपर्यंत." जन्मभर महापालिका आणि पाणीपुरवठा लिहिला, पण मुदत सांगितली की तोंडातून 'हो' निघतं. निघालं.

बंद पडलेला रेडिओ फोडून स्पीकरचा चुंबक काढला. काळी चकती, मधे भोक. हिला आता वश करायचं आहे.

११ मार्च, बुधवार

दिवसभर स्वयंपाकघरात. सगळे डबे स्टीलचे, पण काहींना चुंबक चिकटतो, काहींना अजिबात नाही! स्टीलच्या जाती असतात म्हणे. चारुशीला मागे उभी राहून बघत होती.

"माझ्या माहेरच्या डब्याले चिकटते का?"

चिकटला.

"अन् तुमच्या बहिणीनं दिलेल्याले?"

नाही चिकटला.

"पाहा! मी तं लग्नापासून सांगून राहिली!"

संध्याकाळी वाचत बसलो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आत्ता या खोलीत आहे. भिंतीतून, खुर्चीतून, माझ्यातून आरपार चाललंय. हे चारुशीलेला सांगितलं.

"माझ्यातूनही?"

"तुझ्यातूनही."

"मग चहा तुम्हीच ठेवा. मी बिझी आहो."

१२ मार्च, गुरुवार

क्षेत्राच्या रेषा दिसायला लोखंडाचा कीस लागतो. तो आणायला निघणार, तेवढ्यात चकती हातातून सुटली ती थेट तिखटाच्या परातीत! उचलली, फुंकर मारली — मी शिंकलो, चारुशीला शिंकली, शेजारचं कुत्रं भुंकलं. लाल तिखट उडून गेलं, पण चकतीवर बारीक काळे केस तसेच उभे! साळिंदरासारखे. हात लावला की आडवे, सोडले की पुन्हा ताठ.

लोखंड! ते झटकून कागदावर घेतलं, खाली चुंबक उभा धरला, कागदाला टिचकी मारली. सरसर रेषा उमटल्या. चकतीच्या एका बाजूतून निघून वळणं घेत दुसऱ्या बाजूला जाणाऱ्या. पुस्तकातलं चित्र, आमच्या ओट्यावर! मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

मग चारुशीला हळूच म्हणाली, "अहो, पण हे तं पुष्पाचं तिखट आहे."

माझी धाकटी बहीण पुष्पलता. भिवापूरला चार बायकांना घेऊन तिखटाची चक्की चालवते. तिला नुकतीच पहिली मोठी मागणी आली आहे, नागपुरातल्या व्यापाऱ्याची. प्रयोगशाळेत नमुना पास झाला तरच माल उचलणार. ३१ तारखेला गाडी येणार. निम्मा माल दळून झालेला आहे.

फोन केला. करायलाच हवा होता.

"आमच्या तिखटात लोखंड? दादा, पेपरवाला आहे म्हणून काहीही छापशील काय?"

"छापत नाही गं, सांगतोय. चक्कीची पाती झिजत असतील."

"मिरच्या मी हातानं निवडते, देठ काढते. अन् तू मले लोखंड दाखवून राहिला!"

फोन ठेवला तिने.

१३ मार्च, शुक्रवार

मजकूर वेळेत दिला. त्यातून तिखटाचा किस्सा तेवढा गाळला.

१४ मार्च, शनिवार

पुष्पाचा फोन, आवाजात फटाके!

"काही नाही निघालं गा दादा! एक कण नाही! डीजेवाल्याच्या फुटक्या स्पीकरचा हा एवढा मोठा चुंबक आणला. नव्या दळणावर दिवसभर लावला. साफ कोरा!"

"लावला कुठे?"

"जिथून तिखट खाली पडते त्या पन्हाळीले. बाहेरून. चक्कीवरची वच्छला म्हणे, डीजेचं काळं गोटं खायच्या वस्तूले नाही लावू देत मी. तिनं पन्हाळीले बाहेरून घट्ट बांधला, वरून हळदीकुंकू वाह्यलं."

मी अभिनंदन केलं. पण मग माझ्या परातीतले केस कुठून आले?

१५ मार्च, रविवार

सापडलं! सापडलं!!

टाचणीला दोरा बांधून दोऱ्याचं टोक ओट्याला चिकटवलं. चुंबक वर टांगला, टाचणीपासून बोटभर दूर. टाचणी हवेत उभी राहिली! कशालाही न टेकता! मधल्या फटीत कागद सरकवला — उभीच. काच — उभीच. चारुशीलेचा तळहात — उभीच. ("गुदगुल्या होऊन राहिल्या." होत नाहीत, पण मी वाद घातला नाही.) पितळी झाकणी — उभीच. मग पोळ्यांचा लोखंडी तवा सरकवला —

टप्! पडली.

पुन्हा केलं. टप्! मग चारुशीलेने केलं. टप्! जेवणं राहिली बाजूला, दोघं तवा हलवत बसलो.

चुंबकाचं क्षेत्र कुणी अडवत नाही. लोखंड त्याला आपल्याच अंगातून वाट देतं. सोपी वाट मिळाली की क्षेत्र तिकडून वळतं, पलीकडे फारसं पोचतच नाही. भिवापूरची पन्हाळ साध्या लोखंडी पत्र्याची आहे! वच्छलाने बांधलेल्या चुंबकाचा जोर त्या पत्र्यातच मुरला. आतून जाणाऱ्या तिखटाला पत्ताही नाही.

१७ मार्च, मंगळवार

भिवापूर. सकाळच्या एसटीने. पुष्पा फुगलेली, वच्छला तिच्याहून जास्त. थेट प्रयोगच मांडला. दोरा, टाचणी, तवा. टप्! वच्छलाने माझ्या हातून तवा घेतला, स्वतः करून बघितलं, मग तव्याकडेच रागाने पाहिलं.

"म्हंजे पन्हाळच खाऊन राहिली काय चुंबकाले?"

चुंबक आत हवा. पण काळं गोटं तिखटात नको, हा तिचा मुद्दाही रास्त. तेव्हा न चिकटणाऱ्या स्टीलचा नवा पेला शोधला. तो क्षेत्राला जाऊ देतो. माझी चकती पेल्यात टाकली, पेला पन्हाळीच्या तोंडाशी टांगला आणि चक्की सुरू. पहिल्यांदा धार जाड होती, लांबून जाणारा कण निसटायचा. क्षेत्राचा जोर बोटाबोटाला घटतो. धार पातळ केली, पेल्याला घासून जाईल अशी.

थोड्या वेळाने पेला बाहेर काढला. पेल्याला दाढी! काळी, ताठ, दाट.

पुष्पा ओट्यावर बसली.

मग मी पेल्यातून चुंबक उचलला आणि सगळी दाढी आपोआप गळून पडली. वच्छला आधी हसली, मग चौघीही सुटल्या. "अजून एकदा करा नं भाऊ!" दुपारपर्यंत त्या पेल्याने किती वेळा दाढी केली, देव जाणे. पुष्पाही हसली, पण डोळे पुसत. तिखटाने असेल.

१८ मार्च, बुधवार

परतलो. चक्कीला नवी पाती लावायला माणूस बोलावला आहे. आधी दळलेल्या पोत्यांचं काय, हे मी विचारलं नाही. तिनेही काढलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

नमुना प्रयोगशाळेत गेला. मिनल म्हणते, मुलांनी टाचणी-तव्याचे व्हिडिओ पाठवलेत, पुढचा मजकूर विजेवर द्या. दिला शब्द! चारुशीलेने स्क्रू-ड्रायव्हर लपवला.

२८ मार्च, शनिवार

अहवाल आला. पास! लोखंड मर्यादेच्या पुष्कळ आत. मी फोनवर ओरडलोच.

पुष्पा शांत. "दादा, वच्छलानं घाईत जुन्या पोत्यातलं पाकीट पाठवलं होतं. चुंबकाच्या पहिलेचं."

म्हणजे जुना मालही नियमात बसत होता! मग झालं तर, म्हटलं, आहे तसा पाठव, गाडी चुकणार नाही.

"काहून? आमाले दिसलं नं." मागे चक्कीची घरघर सुरू झाली. "व्यापाऱ्याले सांगून टाकलं, सारी पोती पेल्यावरून काढून राहिलो, उशीर होईन. घ्यायचं तं घे."

"काय म्हणाला तो?"

"फोन ठेवला त्यानं. तूही ठेव गा आता, धार पातळ ठेवा लागते."