मीठ अळणी लागलं की

आई, तुला अक्षरं ओळखता येत नव्हती आणि मीही पंतोजींच्या शाळेत दोनच वर्षं टिकलो, तरी लिहितोय. बोलून बघितलं, पण तुला हाक मारायला गेलो की मला जाग येते.

नीट सांगतो. मी सध्या कल्याणच्या बंदरात एका मचव्यावर खलाशी आहे. कौलं नाहीतर भात भरायचं, खाडीनं ठाण्याकडे उतरायचं, येताना मिळेल ते आणायचं. त्याआधी आगगाडीच्या रुळांवर खडी टाकत होतो, त्याच्याही आधी एका घोडेवाल्याबरोबर नाशकापर्यंत चालत गेलेलो. त्याच्याकडे एक पांढरी घोडी होती, पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की बिचकायची, तिला तहानेनं मरायची पाळी आलेली. पण ते असो. जिथे जातो तिथे मला नवं नाव पडतं. रुळांवर लांब्या, घोडेवाल्याकडे पोऱ्या, इथे मचव्यावर कोलशेतकर. तू मला ज्या नावानं हाक मारायचीस ते मात्र तुझ्या एकटीच्याच तोंडात होतं. पाळण्यातलं नव्हे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते दुसरं, लाडाचं. पटकीच्या साथीत तू गेलीस तेव्हा मी असेन सात-आठ वर्षांचा. त्यानंतर ते कुणी उच्चारलंच नाही आणि माझ्याकडूनही हरवलं. ज्या आत्यानं मला वाढवलं तिला विचारलं, तर चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "तुझी आयस तुना सतरा नावांनी बोलवायची. मी किती ध्यानात ठेवू? भाकर खातंस का असाच जातंस?" भाकर खाल्ली आणि निघालो. तुझ्याशिवाय ते नाव सांगणारं आता कुणी नाही.

गेल्या हिवाळ्यापासून तू स्वप्नात येतेस. तेही भर दुपारी. ओहोटीला मचवा चिखलावर बसतो, भरती येईपर्यंत आम्ही शिडाच्या सावलीत आडवे होतो, तेव्हा. कोलशेतचं मिठागर असतं, तू पाठमोरी वाकून वाफ्यातलं मीठ ओढत असतेस. मी लहानपणी करायचो तसं बांधावरचं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवतो. ते अळणी लागतं. मीठ अळणी लागलं की मला कळतं की मी झोपलोय, मचव्यावर आहे आणि तू नाहीस. आता हाक मारीन, आता तू वळशील, माझं नाव घेशील, एवढंच मनात येतं, मी पुढे झेपावतो, आणि डोळ्यांपुढे शिडाचं भोक आणि त्यातून येणारं ऊन. दर खेपेला हेच.

मचवा हाकणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या तांडेलानं एकदा हटकलं. "काय रे कोलशेतकर, झोपेत कुणावर धावून जातोस?" मी सगळं सांगून टाकलं. बाकीचे खिदळले. एक जण म्हणाला, "त्याला आई नको, बायको बघून द्या." तांडेल हसला नाही. तो म्हणाला, "तू हावऱ्यासारखा झडप घालतोस, मग झोप राहील कशी? स्वप्न आहे असं कळलं ना, की गप आपलं काहीतरी काम करत राहा. हातापायांना काम दे."

काम म्हटल्यावर मला तुडवणी आठवली. पाऊस सरलाय, वाफ्यांत खाडीचं पाणी घेतलंय, आणि आपण सगळे ओळीनं चिखल तुडवतोय. तळ दगडासारखा झाला पाहिजे, नाहीतर मीठ काळं निघतं. मी तुझी कंबर धरून मागे आहे. मध्येच एक लाल नांगीचा खेकडा दिसतो, मी उभा राहून बघत बसतो आणि घोट्यापर्यंत आत जातो. तू मागे न बघता ओरडतेस, "थांबलास का रुतलास! बघतंस काय, पाय चालव!" आणि त्याच्या शेवटी ते नाव. तू ते घेतलंस हे आठवतं. काय घेतलंस ते आठवत नाही. माझ्या आठवणीत तिथे नुसतं तुझं तोंड हलतं.

मग मी स्वप्नात तुडवायला लागलो. मीठ अळणी लागलं की हाक मारायची नाही, खाली उतरायचं आणि पाय चालवायचे. पहिल्या खेपेला सगळं आगर धुवट लुगड्यासारखं विरत चाललेलं, पण बोटांच्या बेचक्यांतून गार चिखल वर आला आणि आभाळ पुन्हा जागच्या जागी बसलं. तुझ्याकडे टक लावली की तू फिकी होतेस, म्हणून थोडं पायांकडे, थोडं बांधाकडे, मग तुझ्याकडे बघायचं.

परवा कोपर गावाजवळ मचवा चिखलावर बसला त्या दुपारी मी असा तुडवत तुडवत पार तुझ्यापर्यंत आलो. श्वाससुद्धा जपून घेत होतो. तू काम थांबवून वळलीस. आई, तू केवढीशी होतीस! माझ्याहून लहान. माझ्या मिशा बघून तू पदर पुढे ओढलास, नजर खाली केलीस.

"तुमी कोनाकडं आलाव?"

मला, तुमी.

मी तुझा मुलगा, असं सांगता आलं असतं. पण मग मी एवढा कसा झालो तेही सांगावं लागलं असतं, आणि तुला कळलं असतं. "वाटसरू आहे," मी म्हणालो. माझे पाय चालूच होते. तू माझ्याकडे तिरकं बघितलंस, अनोळखी माणसाची कीव येते तसं. "किती वाललाव. घरी आय हाय ना तुमची?"

"हाय."

"मग जावा बिगी बिगी. वाट बघत असंल."

त्या दिवशी जाग आपोआप आली नाही. मीच पाय थांबवले.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, कौलं फुटू नयेत म्हणून घालतात त्या पेंढ्यात जाईल. पण एक सांगायचं राहिलं. उठल्यावर तांडेलानं मोठ्या आशेनं विचारलं, "बोलली का रे? काय नावानं हाक मारली?" त्याचं तोंड बघून मला नाही म्हणवेना. तोंडाला आलं ते नाव सांगून टाकलं. आता मचव्यावर सगळे मला तसंच बोलावतात, आणि मी ओ देतो.