शेवंतीसमोरचं स्टूल

१४ जानेवारी

पुन्हा खोटं बोलले! ताईच्या शेजारची साऊ मावशी होडीतूनच ओरडली, "काय गं दिएप, सायगॉनच्या हॉस्पिटलात नर्सांना एवढी सुट्टी?" म्हटलं, साठलेली रजा आहे. खरं कुठल्या तोंडानं सांगू? सलाइनची सुई दोनदा चुकली, पेशंटच्या मुलीवर किंचाळले, मग औषधांच्या खोलीत दार लावून रडत बसले. हेड सिस्टरांनीच म्हटलं, "बहिणीकडे जा थोडे दिवस."

१५ जानेवारी

खुयेनताई म्हणते, "काही करू नकोस. फुलं बघत बस." भर तेतच्या सणाच्या तोंडावर! अख्खं सा देक गाव राबतंय, नव्या वर्षाला घरोघरी फुलं जायची आहेत. पाण्यात उभारलेल्या बांबूच्या माचांवर शेवंतीच्या कुंड्या, ताई आणि भाऊजी होडीतून पाणी घालतायत — आणि मी धडधाकट बाई स्टुलावर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ जानेवारी

काल झोप लागली. कुणाला सांगितलं नाही.

२२ जानेवारी

फुलं बघण्याचा उपयोग होतोय खरा. एकच कुंडी नजरेत धरते. आधी छातीत धडधड, डोक्यात वॉर्डातल्या मशीनची पीं पीं. मग कालची कुठली कळी आज उमललीय, ते शोधायला लागते. शोधता शोधता धडधड कधी थांबते कळतच नाही. आज दोन वाट्या भात जेवले.

साऊ मावशी भाऊजींना म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं — "पाहुणी आणलीय की राणीसाहेब?" ताई फणकारली, "माझ्या फुलांकडे बघणारं कुणी नको का?"

बरं वाटतंय याचीसुद्धा लाज वाटते.

२५ जानेवारी

पाणी घालू का, ताईला विचारलं. "नको. तू बस." बसले! निर्लज्जासारखी.

२८ जानेवारी

भाऊजी माल घेऊन बाजारात गेले. ताई येऊन शेजारी जमिनीवर टेकली. मग म्हणाली, "तू नर्स आहेस ना? जरा हात लावून बघ." तिनं सदऱ्याची बटणं काढली. काखेजवळ गाठ. कडक. हलत नाही. "यांना सांगू नकोस. तेत होऊ दे."

इतके दिवस फुलं बघत होते. हिच्याकडे एकदाही बघितलं नाही!

तेतपर्यंत थांबायचं नाही म्हटलं. उद्या सकाळी तिला आमच्याच हॉस्पिटलात नेते. माझं किंचाळणं ऐकलेल्या सगळ्यांसमोरून.