ट्रॉम्बोनची मधली खुर्ची

३ मे, रविवार
कम्युनिटी हॉलमध्ये तीस तारखेला स्विंग डान्स नाइट. खराखुरा बिग बँड येणार, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले पंधरा-वीस जण. बायको म्हणाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आता तरी एकदा माझ्याबरोबर नाच. लगेच हो म्हटलं. त्यात काय एवढं? लय अंगातच असावी लागते. माझ्या आहे. उद्यापासून सराव.

५ मे, मंगळवार
काल डोकं दुखत होतं. आज आरशासमोर सराव. मुलगी डोकावली आणि विचारते कशी, बाबा, पाठीत लचक भरली का? सराव बंद.

९ मे, शनिवार
नामी युक्ती! बँडला एक ट्रॉम्बोनवाला हवाय. बँडमध्ये बसलेल्याला नाचायला कोण सांगणार? कॉलेजात मी ट्रॉम्बोन हातात धरलेला आहे. बायकोला सांगितलं, माझी फार जुनी हौस आहे गं. तिचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाली, बरं, वाजव. किती समजूतदार!

१६ मे, शनिवार
रिहर्सल. वाजवायची गरजच नाही. दोन्ही बाजूंना तगडे वाजवणारे. आपण ट्रॉम्बोनची सरकती नळी पुढेमागे करायची. कुणाच्या बापाला कळणार नाही.

२२ मे, शुक्रवार
बायको डान्स क्लासला जाते. जोडीला समोरचा डेंटिस्ट. टक्कल आहे त्याला. काळजी नाही.

३१ मे, रविवार, सकाळी
काल झालं एकदाचं. पुढे सॅक्सोफोन, मागे ट्रम्पेट, दोन्हीकडून कोपरं. हलायची सोय नाही. कोट भाड्याचा, काखेत काचणारा. खाली डेंटिस्ट बायकोला गरकन फिरवत होता आणि ती खळखळून हसत होती. माझ्यासमोर अशी कधी हसली होती, आठवेना. वाटलं, चुलीत गेला ट्रॉम्बोन, खाली उडी मारावी. मला नाचायचं होतं हो तिच्याबरोबर! आणि मीच स्वतःला इथे कोंडून घेतलेलं.

शेवटच्या गाण्याआधी ती एकटीच स्टेजपाशी आली. माझ्याकडेच बघत होती. बँडमास्तर खाली वाकून तिला म्हणाले, खुशाल घेऊन जा ह्यांना, ह्यांच्या ट्रॉम्बोनमधून अजून एक सूर निघालेला नाही, आमचं काही अडत नाही.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! असू दे. मी अर्धा उठलोसुद्धा.

बायकोने माझ्या ट्रॉम्बोनकडे पाहिलं. मग म्हणाली, नको हो, बसू द्या त्याला. नाचण्यापेक्षा हेच बरं वाटलं ना त्याला.

आणि डेंटिस्टला शोधायला गेली. बँडमास्तरांनी हात वर केला. मी खाली बसलो.