टीपकागदावरचा हिरवा डाग

सर, आपल्या कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तुम्ही असतात तर हसला असतात, माझं अक्षर तुम्हाला कधीच आवडलं नाही. चकचकीत कागदावर स्मरणिका निघणार आहे आणि जुन्या माणसांपैकी कामावर मी एकटीच उरलेय. नवे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तुम्हीच लिहा." सगळं ठाऊक आहे, तिथंच तर घोडं पेंड खातंय.

सुरुवात सोपी गेली. बीडच्या बाहेर माळावर पत्र्याची शेड. टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे आणि आपण तांब्याच्या तारांना रंगीत प्लॅस्टिक चढवून, जोड्या पिळून, मधल्या फटींत गरम जेली भरून काळ्या केबलचे ड्रम बाहेर काढायचो. जेली भरायची ती पाणी आत शिरू नये म्हणून. तिचा वास घरी गेल्यावरही केसांना यायचा. मग मोबाइल आले. जमिनीतली केबल लोक नुसत्या तांब्यासाठी उकरायला लागले. गेटला कुलूप लागलं, नवे मालक आले, आणि आता त्याच शेडमध्ये केसाएवढ्या काचेच्या तंतूंची केबल बनते. हे सगळं मी दोन दिवसांत लिहून काढलं. मग जुन्या फायली चाळताना ते पान निघालं. गेवराईकडे टाकलेली केबल पाणी शिरून निकामी झाली, कारण 'चाचणी विभागप्रमुखांचा हलगर्जीपणा'. म्हणजे तुमचा. साहेबांना ते भलतंच आवडलं. 'चुकांतून शिकलो' असं एक प्रकरण त्यांना हवंच होतं. तुमच्या फोटोसकट.

परवा भाजीबाजारात काकू भेटल्या, तुमच्या घरच्या. आता काठी घेऊन चालतात. मला बघून थांबल्या. "कंपनीचं पुस्तक निघतंय म्हनं. ह्यांचं नाव हाय का गं त्यात?" मी म्हणाले, आहे. "लई बरं झालं. नातवाला दावीन. त्यानं आजोबाला बघितलंच न्हाई." मी भाजी न घेता घरी आले.

तर ती संक्रांत. कारखान्यात आम्ही सहाच बायका आणि त्या वर्षी कँटीनमध्ये हळदीकुंकू करायचं ठरलेलं. तिळगुळाचा डबा काकूंनीच पाठवला होता. गेवराईच्या ड्रममधून कापलेला तुकडा माझ्या टेबलावर आडवा ठेवलेला. त्याच्या एका टोकाला काचेची नळी बसवायची, तीत हिरवं पाणी भरायचं, दुसऱ्या टोकाखाली टीपकागद. चोवीस तास कागद कोरडा राहिला तर केबल पास. पाणी बारा वाजता भरायचं होतं. मी वाण लुटण्यात रमले आणि भरलं चार वाजता. वहीत मात्र बारा लिहिलं. तुम्ही मला पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर झापलं होतंत, "अंदाजानं भाजीत मीठ घालावं पोरी, वहीत आकडा न्हाई." ते बोलणं पाठ होतं. तरी लिहिलं. चार तासांनी काय आभाळ कोसळणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी टेलिफोन खात्याचे इन्स्पेक्टर खुर्चीत बसलेले, बाहेर ड्रम चढवलेला ट्रक उभा. तुम्ही विचारलंत, "चोवीस तास भरले का?" मी म्हणाले, "भरले, सर." कागद कोरडाच होता. तुम्ही सही केलीत. दोन वाजता ट्रक गेला. तीनला मी नळी काढायला गेले, तर टीपकागदावर रुपयाएवढा हिरवा डाग. मी बघत होते आणि तो पसरत होता. चार वाजायला अजून तासभर होता. ट्रक फार लांब गेला नसेल, गेटवरून गेवराईच्या टेलिफोन ऑफिसला फोन लावता आला असता, तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. मी कागद चुरगाळून ओढणीत घेतला आणि नळी धुऊन ठेवली. मला नोकरीची भीती वाटली सर, दुसरं काही नाही.

पावसाळ्यात तिकडच्या गावांचे फोन मुके झाले. खड्डे खणून ड्रमचा नंबर सापडला. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी दाराशी उभी आहे. मॅनेजर विचारतात, चाचणी कुणी केली? तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "खात्याचा परमुख मी हाय. सही माझी हाय. आजून काय पायजे?" तुम्हाला चाचणीतून काढून यार्डात ड्रमवर नंबर रंगवायला टाकलं. एकदा मी तिथं चहा घेऊन गेले, तेव्हा उन्हात ब्रश धरून तुम्ही म्हणालात, "आता तरी घड्याळ बघून लिहितीस का न्हाई?" मी मान हलवली. तुम्ही चहा प्यालात आणि ग्लास परत दिलात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवसापासून आजवर मी एकही वेळ चुकीची लिहिलेली नाही, पण ते आता कुणाला सांगायचं? पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात, यार्डातलेच राहून.

आज दुपारी मी साहेबांना नवं पान दिलं. पाणी उशिरा भरणारी, वहीत खोटं लिहिणारी आणि कागद लपवणारी म्हणून माझं नाव घातलं. तुमचं नाव त्यात एवढ्यासाठीच, की तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत. साहेबांनी दोनदा वाचलं. "मॅडम, रिटायर व्हायला चार महिने राहिलेत. कशाला खाजवून खरूज काढता?" मी म्हटलं, छापायचं तर हेच छापा, नाहीतर इतिहास दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. ते पान छापतील की नाही, माहीत नाही.

एवढं लिहून मोठा तीर मारला असं वाटून मी हे पत्र लिहायला बसले. पण खरं सांगते सर, तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही काही बोलणार नाही. काकू चार गल्ल्या सोडून राहतात. आज संध्याकाळी तिसऱ्यांदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले. त्यांनी आतून विचारलं, "कोन हाय?" आणि मी फाटकाबाहेरूनच परत फिरले.